जीपशिवाय दूधसागर

दूधसागर धबधबा पाहायचा तर कुळे गावातून जीप करावी लागते, असे बहुतेकांना वाटते. ते पावसाळा सरल्यानंतर खरेही आहे, कारण भगवान महावीर अभयारण्यातल्या खडबडीत वाटेवर ओढे ओलांडावे लागतात आणि खासगी गाड्यांना तिथे प्रवेश नसतो. पण मांडवी नदी सुमारे 310 मीटर उंचीवरून फेसाळत कोसळते ती ऐन पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच काळात जीप बंद असतात.

तेव्हा माझ्या मते रेल्वेसारखा मार्ग नाही. कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढण 37 फुटांना एक फूट इतकी तीव्र असल्याने चढणाऱ्या गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात; धबधब्यासमोरच्या कमानदार पुलावर गाडी आली, की तुषार थेट खिडकीतून आत येतात. दर्शन क्षणभराचेच, पण फार मोठे!

मात्र रुळांवरून चालत जाण्याचा मोह कृपया टाळावा. बोगदे अरुंद आहेत, पाण्याच्या गर्जनेत गाडीचा आवाज ऐकू येत नाही, आणि रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार तो गुन्हाही आहे.