सव्वा हात वायर

५ नोव्हेंबर १९८७. मुंबईत वानखेडेवर भारत आणि इंग्लंडची विश्वचषकाची सेमीफायनल, आणि मी रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आबांच्या धाब्याच्या घरावर टीव्हीच्या अँटेनापाशी चढलेलो. खाली ओसरीत निम्मं गाव बसलेलं. कापूस वेचायचा सोडून माणसं आली होती.

१९८४ च्या सुमारास दूरदर्शनने देशभर १०० वॅटचे लहान ट्रान्समीटर भराभर उभे केले. त्यांची खात्रीची पोच पंचवीसेक किलोमीटर, आणि हे गाव त्याच्या बरंच पलीकडे. आबांच्या घरी आधीपासून एक अँटेना होता, बूस्टरही होता. पण सिग्नल वाढवणारा बूस्टर चित्राबरोबर पडद्यावरच्या मुंग्याही वाढवतो. अँटेनाच्या काड्यांवरच जे पुरेसं उतरत नाही, ते बूस्टर कुठून आणणार? म्हणून मी आदल्या दिवशी त्याच पाइपवर, चार-साडेचार फूट खाली, तसाच दुसरा अँटेना लावून दोन्ही एका डबीत जोडले होते. कागदावर दुप्पट सिग्नल मिळतो, हातात त्याहून थोडा कमी येतो. काठावरच्या गावाला तेवढाही पुष्कळ.

सकाळी टीव्ही लावला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाजसुद्धा खरखरणारा.

"काय भो, एक होता तवा माणसं तरी वळखू येत होती. दोन झाले तं सगळंच गेलं?" आबा खालून म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

वरच्या अँटेनाची वायर डबीतून काढली, तर खालून पोरं ओरडली, "आलं!" ती लावून खालची काढली. पुन्हा "आलं!" दोन्ही लावल्या की गेलं. म्हणजे दोन्ही अँटेना ठणठणीत होते, एकत्र आले की एकमेकांना मारत होते. डायपोल, म्हणजे अँटेनाची वायर जोडलेली काडी, उलटा बसला की असं होतं, म्हणून आधी तेच पाहिलं. वायरीतली मधली तार दोन्हीकडे एकाच बाजूला होती.

मग नजर वायरींवर गेली. डबी मी खालच्या अँटेनाजवळ बांधली होती. वायर महाग, म्हणून खालच्याला आखूड आणि वरच्याला लांब, जिथे जेवढी लागली तेवढीच कापलेली. ओसरीत गावचे शिंपीही बसले होते. त्यांच्या गळ्यातला टेप वर मागवला. मोजलं तर फरक निघाला ५५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वा हात.

आमच्याकडच्या टीव्ही सिग्नलची लहर १८० मेगाहर्ट्झच्या आसपासची, हवेत साधारण १६६ सेंटिमीटर लांब. त्या वायरीत ती हवेच्या दोन-तृतीयांश वेगानं धावते, म्हणून तिची लांबी उरते ११० सेंटिमीटर. तिचं निम्मं बरोबर पंचावन्न! वरच्या अँटेनाची लहर डबीत पोचायची तेव्हा खालचीचा चढ आणि हिचा उतार अशी गाठ पडायची. दोघींची बेरीज शून्याजवळ. फरक वीतभर असता तर चित्र थोडं फिकं पडलं असतं, इतकंच. नेमका अर्ध्या लहरीचा फरक माझ्याच पक्कडीनं कापला गेला होता.

पिशवीतल्या वायरीचे एकेक मीटरचे दोन तुकडे टेपला लावून कापले. टोकं सोलताना बाहेरच्या तारांच्या जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला शिवू दिला नाही. डबी पाइपवर दोन्ही अँटेनांच्या बरोबर मध्ये सरकवली आणि स्क्रू आवळले.

या वेळी खालून कुणी ओरडलं नाही. मी घाबरून शिडीवरून वाकून पाहिलं, तर सगळे गप्प बसून बघत होते. इंग्लंडचा गूच स्वीपवर स्वीप मारत होता, आणि चेंडू दिसत होता. त्या गावात आजवर बॅट दिसायची, चेंडू कधी दिसला नव्हता.

गूचनं ११५ केल्या. आपण ३५ धावांनी हरलो. कपिलचा उंच फटका गॅटिंगच्या हातात जाताना ओसरीतल्या प्रत्येकानं पाहिला. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायला थांबवून घेतलं.