दिव्यांच्या दाराशी अडलेला गेम आणि एकमेकांशी न जुळणारे अभिप्राय : माझा अनुभव

हिडन ऑब्जेक्ट प्रकारचा, म्हणजे चित्रांत लपलेल्या वस्तू शोधायचा, एक रहस्य-साहसी गेम मी नुकताच शेवटपर्यंत पूर्ण केला, आणि तो खेळताना त्याच्या कथेतल्या रहस्यापेक्षा त्याच्याविषयी खेळाडूंनी लिहून ठेवलेल्या अभिप्रायांचे रहस्यच मला अधिक काळ छळत राहिले. गेमचे नाव मी देत नाही, कारण ज्या दोषाविषयी लिहायचे आहे तो या प्रकारच्या इतर कुठल्याही गेममध्ये सापडू शकतो, आणि तो ओळखायची रीत सगळीकडे एकच आहे.

गेम घेण्यापूर्वी मी अभिप्राय बारकाईने वाचले होते. चित्रे सुरेख आहेत, आवाज देणारे कलाकार सामान्य आहेत आणि खलनायक कोण हे फार लवकर कळते, या तीन गोष्टींवर बहुतेकांचे एकमत होते. मतभेद होता तो तिसऱ्या प्रकरणातल्या एका दारावर. ओसाड वेधशाळेच्या घुमटात जाणाऱ्या त्या दारावर दिव्यांचे कोडे आहे. त्याविषयी काही खेळाडूंनी 'हा तर पोरखेळ आहे' असे लिहिले होते आणि काहींनी 'हे कोडे सुटूच शकत नाही' असे. पहिल्या गटातले लोक दुसऱ्या गटाला धीर नसलेले म्हणत होते, तर दुसऱ्या गटातले पहिल्यांना थापाडे ठरवत होते. दोन्ही गट अक्षरशः खरे बोलत होते हे मला फार उशिरा कळले, आणि तोपर्यंत माझ्या कित्येक संध्याकाळी त्या दारापुढे गेल्या होत्या.

या प्रकारच्या गेमविषयीची मते एरवीही जुळत नाहीत, आणि त्याला रास्त कारणे आहेत. २००५ साली आलेल्या 'मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल'मध्ये वस्तूंची यादी, गच्च भरलेले चित्र आणि धावते घड्याळ एवढाच मुख्य मामला होता. त्याच मालिकेतल्या २००८ च्या 'रिटर्न टू रेव्हनहर्स्ट'पर्यंत मात्र खोल्यांतून हिंडणे, वस्तू जवळ बाळगणे आणि त्या योग्य ठिकाणी वापरणे हा साहसी भाग चांगलाच वाढला. यादीतल्या वस्तू शोधायला आलेल्या खेळाडूला कुलपे आणि किल्ल्या नकोशा होतात, आणि कथेसाठी आलेल्याला पुन्हा पुन्हा तीच अडगळ उपसायचा कंटाळा येतो. शिवाय काठिण्याची पातळी प्रत्येकाने वेगळी निवडलेली असते. सोप्या पातळीवर महत्त्वाच्या जागा चमकतात, हिंटचे, म्हणजे मदतीचे, बटण वापरल्यावर झटपट पुन्हा भरते आणि अंदाधुंद क्लिक केले तरी शिक्षा होत नाही. सर्वांत कठीण पातळीवर यातले काहीच नसते. त्यामुळे 'फार सोपा' किंवा 'फार कठीण' असे मत वाचताना लिहिणाऱ्याने पातळी सांगितली आहे का, हे आधी पाहावे. सांगितली नसेल, तर त्या मताला फारसे वजन देऊ नये.

पहिली दोन प्रकरणे विनासायास झाली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच, की ग्रंथालयातला रूप बदलणारा दिवा (अशा वस्तू संग्रहासाठी शोधायच्या असतात) तिथे असतानाच टिपून घ्यावा. पुढे तिथे आग लागते आणि मग ती खोली कायमची बंद होते.

आता ते दार. त्यावर पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस दिवे आहेत. एखादा दिवा दाबला, की तो स्वतः आणि त्याच्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असलेले दिवे आपली स्थिती बदलतात, म्हणजे पेटलेले विझतात आणि विझलेले पेटतात. सगळे दिवे विझले की दार उघडते. हे कोडे नवीन नाही. 'लाइट्स आउट' या नावाने टायगर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९९५ साली हातात धरून खेळायचे असे एक इलेक्ट्रॉनिक खेळणे बाजारात आणले होते, आणि तेव्हापासून साहसी गेम बनवणाऱ्यांनी ही कल्पना मनसोक्त वापरली आहे. कोड्याची पद्धतही जुनीच आहे. वरच्या ओळीत जिथे जिथे दिवा पेटलेला असेल, त्याच्या बरोबर खालचा दिवा दाबायचा, म्हणजे वरची ओळ विझते. मग तेच दुसऱ्या ओळीसाठी करायचे, आणि असे उतरत गेले की पेटलेले दिवे फक्त शेवटच्या ओळीत उरतात. त्या उरलेल्या दिव्यांची मांडणी पाहून वरच्या ओळीतले ठरावीक दिवे दाबायचे आणि पुन्हा खाली उतरत यायचे.

ही पद्धत मला येत होती, म्हणूनच चीड अधिक होती. दर वेळी मी नेमाने खाली उतरत असे आणि दर वेळी शेवटच्या ओळीत कोपऱ्यातला एकच दिवा पेटलेला राहत असे. वरच्या ओळीत काहीही बदल करून पाहिला तरी दुसरी कुठलीतरी तितकीच निरुपयोगी मांडणी उरायची. कलेक्टर्स एडिशन या महागड्या आवृत्तीबरोबर मिळालेली मार्गदर्शिका उघडली, तर तिच्यात प्रत्येक कुलपाचे उत्तर चित्रासह दिलेले होते आणि नेमक्या या दाराखाली, हे कोडे प्रत्येक खेळाडूसाठी वेगळे असल्यामुळे उत्तर देता येत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य होते. पैसे मोजून घेतलेल्या मार्गदर्शिकेने जिथे खरी गरज आहे तिथेच हात वर करावेत, याचा राग मला अजूनही आहे. रीसेटचे बटण दाबले की मांडणी पहिल्यासारखी होत असे, नवीन मिळत नसे. स्किप करण्याची, म्हणजे कोडे न सोडवता पुढे जाण्याची, सोय माझ्या पातळीवर होती, पण एकदाही स्किप न करता गेम पूर्ण केल्याबद्दल मिळणारे अचिव्हमेंट (कामगिरीचे पदक) तेवढ्यात हातचे गेले असते. सर्वांत कठीण पातळीवरच्या खेळाडूंना तर स्किपचे बटणच दिसत नाही. पातळी उतरवली नाही, तर त्यांच्यासाठी गेम तिथेच संपतो.

वाट सापडली ती मार्गदर्शिकेमधल्या त्याच वाक्यातून. मांडणी प्रत्येकासाठी वेगळी असेल, तर ती कोणीतरी किंवा काहीतरी यदृच्छेने ठरवत असणार, आणि या कोड्याच्या बाबतीत यदृच्छा किती घातक ठरते हे कागद-पेन घेऊन बसल्यावर समजते. पंचवीस दिव्यांच्या पेटलेल्या-विझलेल्या मांडण्या एकूण ३,३५,५४,४३२ होतात. त्यांतल्या फक्त ८३,८८,६०८ मांडण्या सुटणाऱ्या आहेत, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. उरलेल्या तीन चतुर्थांश मांडण्या जगातल्या कुठल्याही माणसाने कितीही काळ दिवे दाबले तरी सुटत नाहीत. गेम बनवणाऱ्याने सगळे दिवे विझलेल्या फलकापासून सुरुवात करून मनाला येतील ते दिवे दाबत मांडणी तयार केली असती, तर ती हमखास सुटणारी झाली असती, कारण तेच दिवे पुन्हा दाबले की मूळ स्थिती येते. दाबण्याचा क्रम कोणताही असला तरी फरक पडत नाही आणि एकच दिवा दोनदा दाबणे म्हणजे न दाबण्यासारखेच असते. पण प्रत्येक दिवा पेटवायचा की विझवायचा हे स्वतंत्रपणे नाणेफेकीसारखे ठरवले, तर चारांपैकी तीन खेळाडूंना न सुटणारा फलक मिळणार हे उघड आहे. सरकत्या पंधरा चौकोनांच्या कोड्याच्या निम्म्या मांडण्या सुटत नाहीत हे १८७९ सालीच सिद्ध होऊन प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे असल्या कोड्यांची सुरुवातीची मांडणी जपून निवडावी लागते हे कोणाला ठाऊक नव्हते, अशी सबब इथे चालण्यासारखी नाही.

फलक सुटणारा आहे की नाही हे एकही दिवा न दाबता तपासता येते. मधली आडवी ओळ सोडून द्यावी आणि उरलेल्या चार ओळींतले पहिले, तिसरे व पाचवे असे एकंदर बारा चौकोन पाहावेत. त्यांतले पेटलेले दिवे मोजावेत. मग हेच उभ्या रांगांसाठी करावे, म्हणजे मधली उभी रांग सोडून उरलेल्या चार रांगांतले वरून पहिले, तिसरे व पाचवे चौकोन घ्यावेत. दोन्ही वेळा संख्या सम आली, तर कोडे सुटते आणि त्याला पंधरापेक्षा जास्त दिवे कधीच दाबावे लागत नाहीत. एकदा जरी विषम संख्या आली, तर उठून जावे. सगळे दिवे विझवण्याऐवजी पेटवायचे असतील, तरीही हीच कसोटी लागू पडते. ओळीओळीने उतरत शेवटी एकच दिवा उरला असेल, तर मोजण्याचेही कष्ट नकोत, कारण तो त्या ओळीत कुठेही असला तरी फलक न सुटणाराच असतो. माझा फलक पहिल्याच मोजणीत विषम निघाला. सुटका झाल्याचा तो क्षण मला खुद्द दार उघडण्यापेक्षाही सुखाचा वाटला हे नमूद केले पाहिजे.

मग मी अभिप्रायांकडे परत गेलो. नाराज खेळाडूंपैकी काहींनी आपल्या अडलेल्या फलकाची चित्रे जोडलेली होती. चित्र अगदी सुरुवातीचे नसले तरी चालते, कारण कुठलाही दिवा दाबला तरी त्या बारा चौकोनांतल्या पेटलेल्या दिव्यांची सम-विषमता बदलत नाही. जी चित्रे पूर्ण दिसत होती ती मी सर्व तपासली, आणि त्यांतले एकही सुटणारे नव्हते. 'पोरखेळ' म्हणणाऱ्यांना सुदैवाने सम फलक मिळाला होता. ज्यांनी सोप्या पातळीवर विचार न करता स्किप केले, त्यांना आपला फलक कसा होता हे कधी कळलेच नाही, आणि अंगठा वर करून, म्हणजे पसंती नोंदवून, गेलेल्यांत त्यांचीही भर होतीच. अभिप्रायाशेजारी खेळण्याचे तास दिसतात, तेही आता बोलके वाटू लागले. अंगठा खाली केलेल्यांचे तास एका ठरावीक आकड्याभोवती गोळा झालेले होते, आणि तो आकडा म्हणजे त्या दारापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर पैसे परत मिळण्याची सर्वसाधारण मुदत खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी अशी आहे. हे दार त्यानंतर येत असल्यामुळे त्यांच्या हाती कडवट अभिप्राय लिहिण्यापलीकडे फारसे काही उरत नव्हते. म्हणून नापसंतीचे अभिप्राय वाचताना तास जरूर पाहावेत. ते विखुरलेले असतील, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न असतो. ते एकाच ठिकाणी साचलेले असतील, तर गेममध्ये त्या जागी काहीतरी मोडलेले असण्याचा दाट संभव असतो. अचिव्हमेंट किती टक्के खेळाडूंना मिळाले हे जिथे दाखवले जाते, तिथे लागोपाठच्या दोन प्रकरणांमधली मोठी घसरणही तेच सांगते.

पुढचा मार्ग कंटाळवाणा असला तरी सरळ होता. काठिण्याची पातळी मध्येच बदलल्याने फलक बदलत नाही; नवीन प्रोफाइल उघडले तरच दुसरी मांडणी मिळते. मी नवीन प्रोफाइल उघडले, संवाद वगळत आणि वस्तूंच्या जागा आठवत दोन प्रकरणे भराभर संपवली आणि दारापाशी येताच आधी मोजणी केली. दोन्ही संख्या सम आल्या. ओळीओळीने उतरत मी तो फलक सोडवला तेव्हा लागलेला वेळ एखाद्या चहाच्या कपाइतकाही नव्हता. जुने प्रोफाइल मात्र खोडू नये, कारण त्यात जमवलेल्या वस्तूंची यादी दुसऱ्या फेरीत उपयोगी पडते. ज्यांना अचिव्हमेंटची पर्वा नाही त्यांनी मोजणी विषम येताच निःसंकोच स्किप करावे. सर्वांत कठीण पातळीवर असलेल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पातळी उतरवावी म्हणजे स्किपचे बटण दिसू लागते, पण त्या पातळीचा मान त्यासाठी सोडावा लागतो.

दारापलीकडचा गेम चांगला आहे. घुमटातले दुर्बिणीचे कोडे विशेष कल्पक आहे आणि त्याचे उत्तर पहिल्या प्रकरणातल्या नकाशावरच लिहिलेले असल्यामुळे कोणावर अन्यायही होत नाही. खलनायक तोच निघतो ज्याचा सगळ्यांना संशय येतो. बोनस प्रकरण लांबीने तोकडे असून त्यात जुनीच दृश्ये नव्या अडगळीसह परत येतात. केवळ त्याच्यासाठी महागडी आवृत्ती घ्यावी असे मला वाटत नाही, आणि मार्गदर्शिकेसाठी तर मुळीच नाही.

स्टीमवर अंगठा वर किंवा खाली यांखेरीज तिसरा पर्याय नसतो. मी खाली केला, आणि चित्रांचे कौतुक शेवटी ठेवून सुरुवातीलाच बारा चौकोनांची कसोटी लिहिली. बनवणाऱ्यांना पाठवलेल्या पत्रातही तीच कसोटी आणि माझ्या फलकाचे चित्र जोडले आहे. दुरुस्ती अगदी लहान आहे : दिव्यांची स्थिती नाणेफेकीने ठरवण्याऐवजी विझलेल्या फलकावर दिवे दाबून मांडणी बनवावी. पुढच्या अपडेटमध्ये ती झाली, तर मी अंगठा वर करीन.