सतरा बाथची स्कीम

घट बसले त्या दिवशी मी बँकॉकमध्ये होते. ३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. ऑफिसचं ट्रेनिंग पंचांग बघून ठरत नाही. परडी, माती, धान्य सगळं सासूबाईंनी केलं. मी व्हिडिओ कॉलवर हात जोडले आणि पुन्हा पॅकेजिंग मशीनच्या सेन्सरवरचं व्याख्यान ऐकायला बसले.

माझी अडचण खाण्याची होती. आमच्याकडे कांदेनवमीला शेवटची भजी तळली की थेट कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. त्यात मी शाकाहारी. बँकॉकमध्ये ‘व्हेज’ म्हणून समोर येणाऱ्या पालेभाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचं खारट पाणी, असतं आणि लसणाची फोडणी तर असतेच. घरून नेलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीच संपल्या. उरलेले दिवस मी पपई, केळी आणि ब्रेडवर काढले.

आणि या चारही दिवसांत माझ्या आसपास सगळीकडे पिवळे झेंडे लागलेले होते. सेव्हन-इलेव्हनमध्ये, हातगाड्यांवर, अगदी हॉटेलसमोरच्या भजीवालीकडेही. पिवळ्यावर लाल अक्षरात इंग्रजी आकड्यातला सतरा. मला वाटलं, सतरा बाथची काहीतरी स्कीम असेल. बाथ तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास होता, म्हणजे चाळीस-बेचाळीस रुपयांत काहीही. स्वस्त आहे, पण आपल्या कामाचं नाही म्हणून मी पुढे जात राहिले.

शनिवारी ट्रेनिंगमधल्या एका थाई मुलीने माझ्या पपईकडे बघून विचारलं, की तू ‘जे’ खात नाहीस का? तो सतरा नव्हताच. तो थाई लिपीतला शब्द होता, उच्चार ‘जे’. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस थायलंडमधले चिनी वंशाचे लोक, आणि त्यांच्याबरोबर इतरही कितीतरी जण, ‘किन जे’ पाळतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही. आणि कांदा-लसूणही नाही! ती हे सांगत होती आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारत होते. आपली आश्विन प्रतिपदा आणि त्यांची ती प्रतिपदा बहुतेक वर्षी एकाच अमावास्येनंतर येते, म्हणून त्यांचे नऊ दिवस आणि आपलं नवरात्र तेव्हा जवळजवळ बरोबरच चालतं. ज्या नऊ दिवसांत हे शहर माझ्यासारख्या बाईसाठी रांधतं, नेमके त्यातले तीन दिवस मी पपई खाऊन घालवले होते.

रविवारी बरोबरचे सगळे पट्टायाला गेले. माझं विमान रात्रीचं, दिवस माझा एकटीचा. परदेशात एकटीने फिरायची ही पहिलीच वेळ. व्हिसाचं तेव्हा काही नव्हतं, जुलैपासून भारतीयांना साठ दिवस विनाव्हिसा राहता येत होतं. पण कागदपत्र सोपं असलं म्हणून पोटात गोळा यायचा थांबत नाही. सकाळी रिसेप्शनवर बॅग ठेवली आणि सुखुमवित स्टेशनात उतरले. एकेरी प्रवासाला काळं प्लास्टिकचं टोकन मिळतं, कॅरमच्या सोंगटीसारखं. ते हातात घेते न घेते तोच स्पीकरवर गाणं लागलं आणि आख्खं स्टेशन थांबलं. धावत निघालेला मुलगा, झाडू मारणाऱ्या बाई, सगळे जागच्या जागी उभे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला इथे राष्ट्रगीत लागतं. मीही सावधान. गाणं संपल्याबरोबर मुलगा पुन्हा धावायला लागला.

निळ्या लाइनने थेट सनाम चाय. तिथून वाट पो पायी पाच मिनिटं. ‘वाट’ म्हणजे देऊळ. त्या पाच मिनिटांत कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ भेटले. छान इंग्रजी. म्हणाले, आज बुद्धाचा खास दिवस, मंदिर एक वाजता उघडेल, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने दुसरी मंदिरं बघून या. टुकटुकही तयारच उभी. हा प्रकार मी वाचलेला होता. सरकारी दुकान म्हणून माणकं-पाचूंच्या दुकानात नेतात आणि गळ्यात काहीतरी मारतात. तरीसुद्धा मी एक पाय टुकटुकमध्ये ठेवला होता हे कबूल करते. इतक्या अदबीने बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सवयच नसते आपल्याला. कोपऱ्यावर नारळपाणी विकणाऱ्या बाईने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पाय खाली घेतला, तिच्याकडून नारळ घेतला. मंदिर अर्थातच उघडं होतं.

वाट पोचं तिकीट ३०० बाथ, त्यात पाण्याची एक बाटली. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. आतला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. पण देवळाची इमारत त्याच्या अंगाबरोबर बेतलेली, त्यामुळे तो एका नजरेत कधी दिसतच नाही. खांबांच्या फटीतून आधी चेहरा, मग कोपर, मग बराच वेळ नुसतं सोनं, आणि शेवटी तळपाय. तळपायांवर शिंपल्यांच्या कामात १०८ शुभचिन्हं आहेत. भिंतीलगत १०८ पितळी रंगाची भांडी ओळीने मांडलेली. वीस बाथची चिल्लर घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक नाणं टाकत जायचं. टण्, टण्, टण् असा आवाज सबंध देवळात चालू असतो. माझी नाणी शंभराव्या भांड्याच्या आसपास संपली. मोजण्यात चूक माझी की चिल्लर देणाऱ्यांची, देव जाणे. पर्समधलं भारतीय रुपयाचं नाणं टाकायचा मोह झाला, टाकलं नाही.

अंगणात ऋषींचे लहान पुतळे आहेत, जटा बांधलेले आणि हातपाय पिळून व्यायाम करणारे. एकाची मान इतकी वाकडी की आमच्या सोसायटीतल्या योगवर्गाची आठवण झाली. थाई मालिशचं शिक्षण देण्यासाठी हे देऊळ प्रसिद्ध आहे. या मालिशला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मला वेळ नव्हता.

खरी गंमत नावांची. एकदा ती संस्कृतची चावी सापडली की शहर ओळखीचं वाटू लागतं. सुखुमवितच्या शेजारचं फेचबुरी स्टेशन म्हणजे वज्रपुरी. पाच बाथच्या तरीने चाओ फ्राया नदी ओलांडून गेले ते वाट अरुण म्हणजे आपलाच अरुण. तिथे दारावर दोन अक्राळविक्राळ राक्षस उभे आहेत. पांढरा सहात्सदेचा आणि हिरवा थोत्सकान. थोत्सकान मोठ्याने म्हणून बघा. दशकंठ! नवरात्र चालू, दसरा सहा दिवसांवर, आणि इथे रावण देवळाची राखण करतोय. शिखरभर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे जडवून फुलं केली आहेत. पायऱ्या मात्र उभ्या. चढताना काही वाटलं नाही, उतरताना बसून उतरले. खाली भाड्याचे थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुलींची झुंबड होती. त्यातल्या दोघी तरी गुजराती बोलत होत्या.

परत तरीत बसले आणि पाऊस आला. आपल्याकडच्या जुलैसारखा, आडवा. धक्क्यावर अर्धा तास अडकले. तोवर भूक अनावर झाली होती.

मेट्रोने दोन स्टेशनं मागे, वाट मांगकोन. हे चिनी वस्तीचं स्टेशन. बाहेर आल्यावर याओवारात रस्त्यापर्यंत जिकडे बघावं तिकडे पिवळे झेंडे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, उदबत्त्यांचा धूर आणि कढयांचा धूर, कुठला कुठे संपतो कळेना. पहिल्या गाडीवर अरवीच्या जातीच्या कंदाची आणि टोफूची भजी, वर शेंगदाण्याचं गोड-आंबट पाणी. मी पुन्हा पुन्हा झेंड्याकडे बोट दाखवून ‘जे? जे?’ विचारत होते. शेवटी ती बाई हसायला लागली, तिने झेंडाच उपसून माझ्या डोळ्यांसमोर धरला. मग पिवळ्या नूडल्स, मशरूम आणि कोबी घातलेल्या. मग डाळीचं गोड पुरण भरलेला वाफवलेला पाव, ‘सालापाव’. पाव तर पाव, पुरण तर पुरण. चार दिवसांत पहिल्यांदा गरम, तिखट आणि निर्धास्त खाल्लं.

एका ठिकाणी मात्र हरले. तिथे अख्खं भाजलेलं बदक टांगलं होतं, कातडीवर पिसांच्या खुणांसकट. तेही जे! गव्हाच्या चिकाचं आणि सोयाचं. विक्रेत्या आजींनी कापून तुकडा पुढे केला, लसूणसुद्धा नाही असं खुणेने सांगितलं. शास्त्राने त्यात काहीही वावगं नव्हतं. पण त्या पिसांच्या खुणा बघून घास तोंडाजवळ जाईना. आजींना ‘खॉप खुन खा’ म्हटलं आणि निघाले. इथे बायकांनी प्रत्येक वाक्याच्या शेवटी अदबीचं ‘खा’ लावायचं असतं. ‘धन्यवाद’ म्हणताना समोरचीला ‘खून खा’ म्हणतोय असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. त्या बदकासमोर तर जरा जास्तच.

शेवटी चिकट भात, नारळाचं घट्ट दूध आणि आंबा. हंगाम नसल्यामुळे आंबा यथातथाच, पण भात असा की आपल्या नारळीभाताची मावसबहीणच. ती ताटली मी फूटपाथवरच्या लाल स्टुलावर बसून, कोणाचीही वाट न बघता, सावकाश संपवली. एकटं फिरण्यातली भीती सगळे सांगतात. दुसऱ्याला काय हवं ते न विचारता दोन ताटल्या भात मागवता येतो, हे कोणी सांगत नाही. हो, दोन.

साडेपाचला हॉटेलवर, बॅग घेतली, फेचबुरीला गाडी बदलून मक्कासानहून विमानतळाची रेल्वे. सुवर्णभूमी विमानतळावर तपासणी पार केली की समोर समुद्रमंथन येतं. एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य, मध्ये वासुकी. तिथेच एका बाकावर बसून सासूबाईंना फोन लावला.

“अगं, जेवलीस का?”

“जेवले आई. कांदा-लसूण काही नाही, आणि सगळं रस्त्यावर.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “रस्त्यावर? मग तेल कुठलं होतं ते विचारलंस का?”