कोरससमोरचे माईक मी उतरवले

लाउडस्पीकरचा धंदा आमच्याकडे वडिलांपासून आहे. कीर्तन सप्ताह, हळदी, ऑर्केस्ट्रा, निवडणुकीच्या सभा, सगळं केलंय. भुसावळच्या एका हौशी कोरसने, म्हणजे एकत्र गाणाऱ्या गटाने, डिसेंबरात हँडेल या पाश्चात्त्य संगीतकाराच्या ‘मेसाया’चा, येशूवरच्या मोठ्या गायनरचनेचा, कार्यक्रम धरला, तेव्हाही मिक्सर, बॉक्स आणि माईकची पेटी गाडीत टाकून निघालो. आयोजकांचं एकच सांगणं होतं, “भाऊ, आवाज दणदणीत पाहिजे.”

हॉल जुना, उंच छताचा, रुळांना लागून. सकाळी तालीम चालू होती. चाळीसएक माणसं. रेल्वेतले लोक, नर्स, शिक्षक, कॉलेजची मुलं, आणि नवापूरकडून गाडीने आलेली काही मंडळी, ज्यांच्या घरात चार आवाजांत गाणं लहानपणापासून कानावर असतं. बऱ्याच जणांच्या वहीत डो-रे-मीच्या, म्हणजे पाश्चात्त्य सारेगमच्या, खुणा पेनाने लिहिलेल्या. साथीला एकच कीबोर्ड. पूर्ण रचना अडीच तासांच्या आसपास चालते. यांनी ख्रिस्तजन्माचा पहिला भाग, ‘हालेलुया’ आणि शेवटच्या भागातले काही कोरस, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचे तुकडे, निवडले होते.

बायकांच्या उंच आवाजांचा गट सोप्रानो, खालच्यांचा आल्टो; पुरुषांच्या उंच आवाजांचा टेनर, खालच्यांचा बास. या चार गटांपुढे चार माईक लावून पाहिले. ऑर्केस्ट्रात एक गायक असतो, त्याला वर ठेवायचं आणि बाकीचे त्याच्याखाली. इथे वर कोणाला ठेवणार? सोप्रानोने उचललेली ओळ टेनर घेतात, मग आल्टो, मग बास, आणि पहिल्यांचं संपायच्या आत दुसऱ्यांचं सुरू झालेलं असतं. जो तो शेजारच्याचं ऐकून आपला आवाज कमी-जास्त करतो. स्पीकरमधून मात्र माईकजवळच्या दोन ताई आणि एक काका तेवढे ऐकू येत होते. मागच्या रांगेची सगळी मेहनत वाया. जवळचा माईक माणूस उचलतो, कोरस उचलत नाही.

सगळं बंद केलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. तिथे बासचा खालचा स्वरसुद्धा स्वच्छ येत होता. फक्त स्टेजमागचा मखमली पडदा आवाज खात होता, कापड वरचे स्वर आधी गिळतं. तो उतरवला, मागे नुसती भिंत ठेवली. संध्याकाळी भरलेली गर्दीही आवाज शोषणार, म्हणून कोरसला दोन पावलं पुढे घेतलं आणि मागच्या रांगेला बाकांवर चढवलं. आल्टोमधल्या एक सिस्टर गाता गाता थांबल्या. म्हणाल्या, “आता आमचं आम्हालाच ऐकू येऊन राहिलं.”

कोरस बसवणाऱ्या सरांना सांगितलं, गाण्याला माईक नको. निवेदनाला एक आणि रेकॉर्डिंगसाठी उंचावर दोन, बस. सर खूश झाले. त्यांच्याकडूनच कळलं की हँडेलने हे 1741 मध्ये 24 दिवसांत लिहिलं आणि पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 ला डब्लिनमध्ये झाला. कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी ती मदत होती. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी फुगीर घेराचे झगे घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती केली होती. सुमारे 700 लोक आले. गाणारे तिथल्या दोन कॅथेड्रलचे मोजकेच. आमचा हॉल त्याच्या निम्म्यानेही नव्हता.

आयोजक मात्र बिथरले. “काय भो, लोक म्हणतील साउंडवाला झोपला.” मी म्हटलं, पहिला कोरस होऊ द्या, मागून एक माणूस उठला तरी माईक लावतो. उधारी बुडाली असती तरी मी हटलो नसतो.

हॉल भरला. पंखे बंद. सुरुवातीला कुजबुज होती, पण ऐकायचं तर गप्प बसावं लागतं हे लोकांना आपोआप कळलं. ‘हालेलुया’ला चर्चमधली मंडळी उभी राहिली, त्यांचं पाहून बाकीचेही. शेवटच्या ओळीआधी सगळे एकदम थांबतात, तिथे उजवीकडून टाळ्या आल्याच. सरांनी हात खाली घेतले नाहीत. टाळ्या विरल्या, मग शेवटचा ‘हालेलुया’ पूर्ण ताकदीने आला.

पुढे तिसऱ्या भागात एक जागा आहे. वाद्यं थांबतात आणि चारी आवाज अगदी हळू, एकटेच, माणसामुळे मरण आलं ही ओळ गातात. सरांनी हात उचलला आणि बाहेर मालगाडीचा हॉर्न वाजला. बासमध्ये रेल्वेतले एक गार्ड होते. त्यांनी खडखडाट ऐकून तळवा दाखवला. दीपनगरच्या वीजकेंद्राची कोळशाची लोडेड गाडी, अठ्ठावन्न डबे, वेळ लागणार. सर हात खाली घेऊन उभे राहिले. कोरस जागचा हलला नाही. हॉलमधलंही कोणी उठलं नाही. गाडी पुरती गेली आणि गार्डकाकांनी मान हलवली तेव्हाच पहिला स्वर लागला. इतक्या हळू गाणारी चाळीस माणसं मी कधी ऐकली नव्हती. मग कीबोर्ड मिसळला, पुनरुत्थानाची ओळ उसळली, आणि माझ्या अंगावर काटा आला. मिक्सरवर कोरससाठी एकही फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर नव्हता.

तक्रार एक आली आणि ती खरी होती. गॅलरीखाली डावीकडे बसलेल्यांना इंग्रजी शब्द लागले नाहीत. त्यावर आवाज वाढवणं हा उपाय नाही. पुढच्या वेळी मराठी अर्थाचा कागद दारातच वाटायचा, हॉलचे दिवे वाचण्यापुरते ठेवायचे, रुळांकडच्या खिडक्या आधीच लावून घ्यायच्या आणि बाकांऐवजी कोरससाठी तीन पायऱ्यांचा प्लायवूडचा ओटा करायचा. त्याचं माप मी घेऊन ठेवलंय, सुतारही ठरलाय.