पुरात भिजलेल्या चोपड्या

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर कोल्हापुरात शाहूपुरीत आक्कांच्या घरी चिखल काढायला गेलो होतो. कॉटखालची पत्र्याची ट्रंक उघडली, तर आत सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या, साठेक तरी असतील. सगळ्यांचा मिळून एकच ओला गठ्ठा झालेला.

"टाक की रे, आता काय उपयोग त्याचा?" आक्का म्हणाल्या. मला टाकवेना.

बाबूराव पेंटरांचा १९२० चा 'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही, १९२५ चा मूक 'सावकारी पाश'ही नाही. फिल्मच उरली नाही. असे सिनेमे आपल्याला कळतात ते फोटो, जाहिराती आणि असल्या कागदांतूनच. ज्या गावात १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली, तिथं हे घंटागाडीत जावं?

घाईत एक चोपडी उन्हात ठेवली, तिथंच चुकलो. गुळगुळीत कागदावरचा लेप वाळताना डिंकासारखा धरतो. पानांची फळी झाली, सोडवताना चिंध्या. ती पुन्हा मिळायची नाही, याचं अजून वाईट वाटतं.

ओळखीच्या बाइंडरनी मग सांगितलं, "उरलेल्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून फ्रीझरात टाक. गारठ्यात बुरशी वाढत नाही." घरच्यांनी बर्फाचे ट्रे काढून जागा दिली. रोज रात्री दोनच चोपड्या बाहेर काढायच्या. गंजलेल्या पिना पातळ पात्यानं वर उचलायच्या, ओढायच्या नाहीत. पान ओलं असतानाच मध्ये टिपकागद घालायचा, तो दर तासाला बदलायचा, पंखा लांबून. पहाटेपर्यंत जागायचो. सेलोटेप आणि लॅमिनेशनच्या वाटेला गेलो नाही. एकदा चिकटलं की कागद सुटत नाही.

एका चोपडीत कथासार ऐन रंगात येऊन थांबतं: पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा. पानाच्या मधोमध पिनेचा तांबूस डाग, त्याच्याखाली दोन ओळी गेलेल्या. बाकी अक्षर न् अक्षर वाचता येतं.

मलपृष्ठावर आक्कांच्या वडिलांनी तारखा टिपल्या होत्या. शाईच्या सगळ्या धुऊन गेल्या, पेन्सिलीच्या तेवढ्या राहिल्या. आता प्रत्येक पाकिटावर मीही पेन्सिलीनंच लिहितो. चार चोपड्या अजून फ्रीझरात आहेत.