माऊली म्हटलं की नाव विचारत नाहीत

मला लहानपणापासून बोलताना अडखळायला होतं. सरळ तोतरा म्हणा, आता मला त्याचं काही वाटत नाही. म ने सुरू होणारे शब्द तर घशातच बसतात आणि माझं नावच म वरून, त्यामुळे कुणी नाव विचारलं की पोटात गोळा यायचा. वारीला जायचं २०२० मध्येच ठरवलेलं, पण त्या वर्षी पालख्या एसटीने गेल्या, पुढच्या वर्षीपण तेच, मग राहून गेलं ते २०२४ ला जमलं. ओळखीतून ज्ञानेश्वर माऊलींच्या सोहळ्यातली एक दिंडी मिळाली, भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे पैसे भरले, आळंदीला जाऊन उभा राहिलो.

आणि पहिल्याच दिवशी एक म्हातारी समोर येऊन वाकली, पायाला हात लावला, "माऊली" म्हणाली. मला परत माऊली म्हणायचं होतं पण म अडकला. ती थांबलीच नाही, मी वाकलेलं तिने बघितलं, गालावरून हात फिरवला आणि गेली पुढे. तिथे नाव गाव कुणी विचारतच नाही हो, सगळे माऊलीच. पोलीसपण माऊली, टँकरवालापण माऊली.

दिवेघाटात एक वेगळीच गोष्ट झाली. पुणे ते सासवड मोठी चाल, वर चढ, पखवाज घुमतोय, आणि मी सगळ्यांबरोबर हरिपाठ म्हणतोय तर एक अक्षर अडकत नाहीये. गाताना अडखळत नाही हे मला माहीत होतं, पण घरी मी कधी मोठ्याने गायलोच नव्हतो. रडूच आलं. मनात म्हटलं विठ्ठला, आता हे असंच राहू दे, बरा कर मला. नवस तसा जुनाच होता, दहावीपासूनचा.

आमच्या रांगेत बार्शीकडचे एक आबा होते, सत्तरी पार केलेले, सोळावी की सतरावी वारी. त्यांना एक खोड, मी बोलायला लागलो की वाक्य तेच पूर्ण करायचे आणि बऱ्याचदा चुकीचं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी "च... च..." करतोय तोवर हे चहा घेऊन हजर. माझे वडील घरी अगदी हेच करायचे, वर ओरडायचे पण, "नीट बोल." पाहुण्यांसमोर तर मला बोलूच द्यायचे नाहीत. त्यामुळे आबांचा मला इतका राग यायला लागला की वाल्ह्यापासून मी रांगच बदलली. वारीत चालतोय, दिवसभर नामस्मरण करतोय आणि डोक्यात आबांशी भांडतोय, असं चाललेलं.

लोणंदला संध्याकाळी समाजआरती होती. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो, तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, हजारो टाळ वाजत असतात, आणि चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की एका क्षणात सगळं शांत होतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्यापाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा करतात आणि मगच आरती पुढे जाते. त्या दिवशी लांब कुठेतरी एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. अख्खा तळ उभा आणि कुणी त्यांना गप्प बसा म्हणत नाहीये. मी ते ऐकत उभा होतो आणि अंगावर काटा आला. माझे टाळ पण कधीचे वाजतच होते ना, कुणी येऊन विचारावं म्हणून. आणि मी तरी कुणाकडे जाऊन विचारलं होतं?

रात्री आबा तंबूत पाय धरून बसलेले, टाचेला मोठा फोड. तेल लावायला मी बसलो. थोड्या वेळाने धीर करून विचारलं, पाचसहा झटके लागले पण विचारलं, की आबा तुम्ही माझं बोलणं मधेच का तोडता. या वेळी त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "आरं लेकरा, तुला दम लागतोय आसं वाटायचं. कुणाच्या डोक्यावर वझं दिसलं की हात लावतोच की आपण, तसं म्या उचलायचो."

मी काही बोललो नाही, तेल चोळत बसलो. वडिलांचं ओरडणं त्याने पुसलं गेलं असं नाही, ते ओरडायचे हे खरंच आहे आणि मला लागायचं हेही खरंच. पण त्यांनाही ते ओझं दिसत असेल आणि कसं उचलायचं ते कळत नसेल, हे इतक्या वर्षात माझ्या मनातच आलं नव्हतं.

तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून माऊलींचा अश्व धावत अगदी जवळून गेला, आबा माझ्या खांद्याला धरून टाचा उंच करून बघत होते. तिथून वाखरीपर्यंत आम्ही एकाच रांगेत. हरिपाठ संपला की मी पुन्हा अडखळायचो, आबा पुन्हा वाक्य पूर्ण करायचे, चुकीचं असलं तर मी मान हलवायचो, ते दुसरं म्हणून बघायचे.

१७ जुलैला एकादशी. दर्शनाच्या रांगेत उभं राहणं आबांना झेपणार नव्हतं, मग दोघांनी चंद्रभागेत स्नान केलं, महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीला डोकं टेकलं, आणि नामदेव पायरीपाशी येऊन कळसाला हात जोडले. चोखोबांना आयुष्यभर देवळाबाहेर ठेवलं आणि तरी त्यांनी विठ्ठलाला सोडलं नाही, हे तिथे उभं राहिलं की वेगळंच कळतं. मागायला मी तोंड उघडलं तर काही आठवेना. नवस आठवला, पण मागावासा वाटला नाही. आहे तसाच आलोय देवा, एवढंच म्हणालो, तेसुद्धा अडखळत.

संध्याकाळी वडिलांना फोन लावला. "बाबा, मी प... प..."

"पोचलास? पाय दुखतायत का?"

पंढरपुरातून काय आणू, विचारायचं होतं मला. मी म्हटलं हो बाबा, पोचलो.