वहीतला ‘शांत’ हा शब्द

बालसंगोपनाच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा काळाचौकीच्या आमच्या चाळीत सगळ्यांचा एकच प्रश्न होता, पोरं सांभाळायला शिकायचं काय असतं? मलाही आतून तसंच वाटायचं. माझी दोन मुलं मी वाढवली होती, नणंदेची जुळीही सांभाळली होती.

तीन महिने वर्ग झाले, मग परळच्या एका पाळणाघरात प्रत्यक्ष काम. माझ्याकडे चार बाळं. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हापासून नोकरीवाल्या बऱ्याच आया सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ घेऊन येतात. छकुली मात्र नऊ महिन्यांची होऊन आली. खरं नाव सांगत नाही. पहिला आठवडा दारात रडली, मग रुळली. दुपारी एकदा झोपली की बाहेर बसचा हॉर्न वाजो नाहीतर आत कुकरच्या शिट्ट्या होवोत, जागची हलायची नाही. सगळ्या मावश्या म्हणायच्या, किती गुणाची आहे. मी वहीत लिहिलं, ‘शांत. झोप चांगली.’

आमच्या शिकवणाऱ्या मॅडम दर शुक्रवारी वही बघायच्या. त्यांनी ‘शांत’भोवती लाल गोल केला. म्हणाल्या, “हे तुमचं मत झालं. बाळाने काय केलं ते लिहा. किती वाजता, कशानंतर, ते लिहा.” तेव्हा मला ते उगाच कीस काढणं वाटलं होतं.

जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस. दुपारी मी भरवायची भांडी विसळत होते आणि हातातून स्टीलचं ताट निसटलं. लादीवर आपटून ते गरगरत राहिलं. तीन बाळं एकदम दचकली, एकाने भोकाड पसरलं. छकुली जागी होती, गादीवर माझ्याकडे पाठ करून पडली होती. गोधडीच्या काठाचा एक दोरा सुटला होता, तो ती दोन बोटांत धरून ओढत होती. ताट वाजत होतं आणि तिची बोटं दोरा ओढतच होती. क्षणभरसुद्धा थांबली नाहीत.

माझ्या पोटात गोळा आला. रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेतलं आणि एका हाताने वहीत लिहिलं, ‘१.२०. ताट पडलं. छकुली जागी. हात थांबला नाही.’

संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “निदान करणं आपलं काम नाही. बघणं आणि नोंदवणं आपलं आहे.” कसं बघायचं तेही सांगितलं. समोरून टाळी वाजवायची नाही, कारण बाळाला हात दिसतो, वारा लागतो. मागून, सावली पडणार नाही अशा जागेवरून हाक मारायची. दोन दिवसांत मी पाच वेळा हाक मारली. एकदाही वळली नाही. समोर गेले की लगेच हसायची! दार आपटलं तेव्हा मात्र दचकली, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, “गादी जमिनीवरच आहे ना?” दाराचा हादरा लादीतून अंगाला कळतो. याच कारणाने घरातल्यांचीही कित्येकदा फसगत होते. बाकीची बाळं दिवसभर बाबाबा, दादादा करत होती, छकुलीच्या तोंडून नुसता लांब आऽऽ यायचा, तोही कमीच.

आईला सांगणं सगळ्यात कठीण. बाळाला घ्यायला आलेल्या आजीकडे निरोप द्यायचा नाही, दारात सांगायचं नाही, ‘ऐकू येत नाही’ हे शब्द वापरायचे नाहीत, असं आम्हाला शिकवलेलं. आतल्या खोलीत बसलो. मॅडम शेजारी होत्या. मी वही उघडून फक्त वाचत गेले. आई आधी म्हणाली, “अहो ताई, दार वाजलं की बघते ती.” मग बराच वेळ काही बोलली नाही. पर्सचा बंद हातात गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, “मिक्सर लावला तरी उठत नाही. सासूबाई म्हणतात, लेक समजूतदार आहे.”

जन्मल्यावर कानांची तपासणी झालीच नव्हती. काही मिनिटांची असते ती. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असं डॉक्टर सांगतात. छकुली तेव्हा दहा महिन्यांची होती, आणि त्यातला एक महिना माझ्या ‘शांत’मध्ये गेला होता. ते मला अजून लागतं.

बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली, वांद्रे रेक्लमेशनला ऐकू कमी येणाऱ्यांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे बेरा ही कानांची चाचणी झाली. बाळ झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून करतात ती. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. गणपतीनंतर छकुली कानांना ऐकायचं मशीन लावून आली.

मग माझं शिक्षण नव्याने सुरू झालं. मशीन ओढून ती सरळ तोंडात घालायची. आतली बटणाएवढी बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते, म्हणून झाकणाचं कुलूप सकाळी आणि दुपारी तपासायचं. कानातला साचा नीट बसला नाही की मशीन चिरकं वाजतं. मुंबईच्या दमट हवेत घाम आत जातो, त्यामुळे झोपेच्या वेळी ते सिलिकाच्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवायचं. मी सगळ्या मावश्यांना हे करून दाखवलं. बोलताना तिच्या समोर, तिच्या उंचीला बसायचं आणि तोंडावर पदर किंवा हात येऊ द्यायचा नाही, हेही.

कोर्स संपायच्या आठवड्यातली माझी एक नोंद अशी आहे: ‘१२.४०. छकुली ठोकळ्यांशी खेळत होती. कुकरची शिट्टी. हात थांबला. मान वळवली नाही. दुसरी शिट्टी. पुन्हा थांबला.’